गोळीच्या डबीतलं गुपित

(स्त्री-आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आरोग्याच्या शिबिरात मला आज इतिहासावर बोलायला सांगितलं आहे. तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या गोळ्यांशी आपल्याला काय करायचंय? आपल्यापुढे रक्तक्षय आहे, अंगावरून जाणं आहे, दर वर्षाची बाळंतपणं आहेत. खरं आहे. पण आपण वस्तीत बैठक घेतो, बैठक संपते, बाया उठून जातात आणि एखादी मागे रेंगाळते. चपला शोधल्यासारखं करते, मग हळूच विचारते, "ताई, पाळी यायची गोळी मिळते ना हो दुकानात?" हा अनुभव इथल्या प्रत्येकीला आहे. तो प्रश्न सगळ्यांसमोर कधी विचारला जात नाही.

मला आज बोलायचंय ते या मागे रेंगाळण्याबद्दल. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, बाईच्या या हळू आवाजावर एक प्रचंड धंदा उभा राहिला. इंग्लंडात, अमेरिकेत आणि इंग्रजांच्या सगळ्या वसाहतींत. त्याला 'पेटंट औषधं' म्हणत. हा धंदा कसा चालला, तो कुणी उघडा पाडला आणि उघडा पडूनही तो का संपला नाही, हे पाहिलं तर आपल्या कामाला उपयोग होईल असं मला वाटतं.

आधी शब्द समजून घेऊ. 'पेटंट औषध' हे नावच फसवं आहे. पेटंट घ्यायचं तर आपली कृती सरकारकडे उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती कुणालाही वापरता येते. या औषधवाल्यांना नेमकं तेच नको होतं. म्हणून बहुतेकांनी पेटंट कधी घेतलंच नाही. नाव, लेबल, डबीचं रूप ही आपली मालमत्ता केली आणि आत काय आहे ते गुपित ठेवलं. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर कर होता. कर भरल्याची सरकारी छापाची पट्टी डबीवर चिकटवलेली असे. शिलिंगभराच्या डबीवर दीड पेनी कर. गिऱ्हाइकाला वाटायचं, सरकारी शिक्का आहे म्हणजे सरकारनं तपासून पाहिलेलं औषध आहे. सरकार काहीच तपासत नव्हतं, फक्त पैसे घेत होतं. हा कर १९४१ सालापर्यंत चालू होता.

एक उदाहरण घेऊ. थॉमस बीचम हा लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा. पुढे लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्स गावी गोळ्या विकू लागला. डबी एक शिलिंग दीड पेनीची, जाहिरात मात्र अशी, की डबीचं मोल एका गिनीचं, म्हणजे एकवीस शिलिंगांचं आहे. अपचन, डोकेदुखी, निद्रानाश, धाप आणि बायकांच्या सगळ्या तक्रारी, सगळ्यांवर तीच गोळी. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा औषधांची रासायनिक तपासणी करून 'सीक्रेट रेमेडीज' नावाचं पुस्तक काढलं. बीचमच्या गोळीत काय निघालं? कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण. म्हणजे साधा जुलाब. छप्पन्न गोळ्यांना लागणाऱ्या मालाचा खर्च किती? अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. साडेतेरा पेनीच्या डबीत शंभरावा हिस्सासुद्धा औषधाचा नव्हता. बाकी सगळी किंमत जाहिरातीची, दुकानदाराची आणि मालकाच्या नफ्याची.

दुसरा थॉमस हॉलोवे. यानं १८३७ साली धंदा सुरू केला आणि गोळ्या व मलम जगभर पोचवलं. वसाहतींतल्या वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. या पैशातून त्यानं लंडनजवळ एगम इथं मुलींसाठी एक भव्य कॉलेज बांधलं. १८८६ साली राणीनं स्वतः त्याचं उद्‌घाटन केलं. त्या कॉलेजातून बायकांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या, ही गोष्ट मी कमी लेखत नाही. पण त्या इमारतीच्या विटा कुणाच्या पैशानं आल्या, हे लक्षात ठेवायला हवं. शिवणकाम करून दिवसाला शिलिंगही न मिळवणाऱ्या बायकांनीही त्या डब्या घेतल्या होत्या.

आता प्रश्न असा, की बायकांनी त्या घेतल्या का? भाबड्या होत्या म्हणून, असं सोपं उत्तर तेव्हाचे डॉक्टर देत. मला ते पटत नाही. त्या काळी डॉक्टरची फी कामकरी घराला परवडत नव्हती. धर्मादाय दवाखान्यात जायचं तर कुणा भल्या माणसाची चिठ्ठी आणावी लागे आणि तिथे उपदेश ऐकावा लागे. डॉक्टर म्हणजे पुरुष. एलिझाबेथ गॅरेटनं १८६५ साली औषधवैद्यांच्या मंडळाची सनद मिळवली, तर त्या मंडळानं लगेच नियम बदलून मागून येणाऱ्या बायकांची वाट बंद केली. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना बायकांना प्रवेश देण्याची मोकळीक कायद्यानं मिळाली ती १८७६ साली. म्हणजे पाळीबद्दल, अंग बाहेर येण्याबद्दल, नवऱ्याकडून मिळालेल्या गुप्तरोगाबद्दल बोलायचं तर परक्या पुरुषापुढे, तेही पैसे मोजून. डबी मात्र टपालानं साध्या कागदात गुंडाळून घरी येत होती. ती उपदेश करत नव्हती आणि उलट प्रश्न विचारत नव्हती.

अशी ही औषधं तीन प्रकारे बाईच्या आयुष्यात शिरली. तिच्या मुलाच्या रडण्यातून, तिच्या चुकलेल्या पाळीतून आणि तिच्या एकटेपणातून.

पहिलं मुलाचं रडणं. गिरणीत दहा-दहा तास उभं राहणारी आई तान्हं मूल कुणातरी म्हातारीकडे किंवा लहान मुलीकडे ठेवून जात असे. त्याला शांत ठेवायला 'गॉडफ्रे'ज कॉर्डियल' नावाचं गोड औषध मिळे. त्यात अफू होती. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लो'ज सूदिंग सिरप' विकलं जाऊ लागलं, ते पुढे इंग्लंडातही पोचलं. दात येणाऱ्या मुलासाठी म्हणून त्याची जाहिरात होई. चित्रात हसरी आई, मांडीवर गुटगुटीत बाळ. बाटलीत मॉर्फिन. कित्येक मुलं झोपली ती उठलीच नाहीत. ज्यांचा जीव वाचला ती भूकच विसरली आणि वाळत गेली. १८६८ साली इंग्लंडात विषांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा आला, तेव्हा त्यातून पेटंट औषधं वगळली गेली. म्हणजे अफू साधी मागितली तर विष, नाव देऊन बाटलीत भरली तर औषध.

मूल दगावलं की दोष कुणाला? आईला. अडाणी आई, निष्काळजी आई. बाळंतपणाची रजा नाही, पाळणाघर नाही, पगार बुडाला तर चूल पेटत नाही, याबद्दल चर्चा कमी. हे फक्त विलायतेतलं नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या आपल्या आज्या-पणज्या तान्ह्या मुलाला अफूची 'बाळागोळी' देऊनच कामाला जात. १९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी पाहणी केली, तेव्हा गिरणीकामगार बायकांच्या बहुतेक मुलांना अफू दिली जात असल्याचं पुढे आलं. त्यानंतर १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. ती गोळी आईच्या वाईटपणातून आलेली नव्हती. गिरणीच्या भोंग्यानं ती तिच्या हातात दिली होती.

दुसरं चुकलेली पाळी. इंग्लंडात १८६१ च्या कायद्यानं गर्भपात हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६० साली, आपल्याकडे भारतीय दंडसंहिता आली आणि तिच्या ३१२ व्या कलमानं तोच गुन्हा इथेही लागू केला. गर्भनिरोधाबद्दल उघड बोलणं अश्लील ठरत होतं. पण बाईला दिवस जायचे थांबले नव्हते. मग वर्तमानपत्रांच्या मागच्या पानावर 'स्त्रियांसाठी गोळ्या' अशा जाहिराती येत. 'अडथळा' दूर करणाऱ्या, 'अनियमितपणा' घालवणाऱ्या. आणि खाली ताकीद, की दिवस गेलेल्या स्त्रीनं या मुळीच घेऊ नयेत! ही ताकीद हीच खरी जाहिरात होती. जिला समजायचं तिला बरोबर समजत असे, आणि कायद्यापुढे औषधवाला हात वर करायला मोकळा. गोळ्यांत बहुधा लोह, कोरफड, पुदिन्याच्या जातीच्या एका वनस्पतीचा अर्क असं काहीबाही असे. गर्भ बहुतेक वेळा पडत नसे. बाई आणखी एक डबी घेई, मग आणखी 'जास्त कडक' आणि जास्त महाग डबी. पैसे आणि आठवडे दोन्ही जात. पोटात जाऊ नये ते बाया पोटात घालत. १८९० नंतर शेफील्ड आणि आसपासच्या भागात बायकांनी कातडीवर लावायच्या शिशाच्या मलमाच्या गोळ्या वळून खायला सुरुवात केली. शिशानं गर्भ पडत असे, हे खरं. पण त्याबरोबर डोळे जात, डोकं फिरे, जीवही जाई. हे मलम विषाच्या यादीत गेलं १९१७ साली.

या धंद्याचा सगळ्यात उघडा चेहरा १८९८ साली दिसला. क्राइम्स आडनावाचे तीन भाऊ लंडनमधून 'लेडी मॉन्ट्रोज' या खानदानी नावानं बायकांच्या गोळ्या टपालानं विकत होते. अशी कुणी लेडी नव्हतीच. गोळ्या मागवणाऱ्या हजारो बायकांची नावं-पत्ते त्यांच्याकडे साठले. मग त्यांनी त्याच बायकांना पत्रं धाडली. मजकूर असा, की तुम्ही गर्भपाताचा प्रयत्न करून गुन्हा केला आहे, पुरावा आमच्या हाती आहे, दोन गिनी पाठवा, नाहीतर अटक होईल. पत्र पाठवणाऱ्यानं स्वतःला सरकारी अधिकारी म्हणवलं होतं. घाबरलेल्या बायकांनी पैसे पाठवले. कुणी दागिना मोडला असेल, कुणी शेजारणीकडून उसने घेतले असतील. भावांना शिक्षा झाल्या, दोघांना बारा बारा वर्षं आणि तिसऱ्याला सात वर्षं सक्तमजुरी. पण एक गोष्ट पाहा. हा कट जमला कशामुळे? गोळीत दम होता म्हणून नव्हे. बाई कुणाला सांगू शकणार नाही, याची या तिघांना खात्री होती म्हणून. गोळी विकली तेव्हाही तिचा संकोचच विकला होता, आणि पैसे उकळले तेव्हाही तोच विकला.

तिसरी गोष्ट एकटेपणाची, आणि ती सगळ्यात गुंतागुंतीची आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावं लागेल. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची लिडिया पिंकम ही गुलामगिरीविरोधी चळवळीत वाढलेली, बाईच्या हक्कांची कड घेणारी बाई. १८७३ च्या मंदीत नवऱ्याचं दिवाळं निघालं. ती घरच्या चुलीवर झाडपाल्याचा काढा करून शेजारणींना फुकट देत असे, तो तिनं १८७५ पासून बाटलीत भरून डॉलरला विकायला काढला. काढ्यात अमेरिकेतल्या मुळ्या होत्या आणि चक्क आपली मेथीही होती. शिवाय जवळपास अठरा टक्के मद्यार्क होता. दारूबंदीच्या सभेत भाषण करून आलेल्या बायाही तो चमचा चमचा घेत. १८७९ पासून बाटलीवर तिचा स्वतःचा चेहरा आला. मावशीसारखा, शांत, विश्वास वाटावा असा. आणि जाहिरातीत आवाहन, की मिसेस पिंकमना पत्र लिहा, बाईचं दुखणं बाईलाच कळतं, तुमचं पत्र कुणी पुरुष पाहणार नाही.

बायकांनी पत्रं लिहिली. ढिगानं लिहिली. जे नवऱ्याला, आईला, डॉक्टरला सांगता आलं नाही ते लिहिलं. उत्तरं येत, सोबत शरीराची माहिती देणारी पुस्तिका येई. त्या पुस्तिकेत पाळी म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, हे साध्या भाषेत असे. इतर कुणी ते बायकांना सांगत नव्हतं. हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी उपाय एकच, तो म्हणजे बाटली. नवरा मारतो? बाटली. आठवं बाळंतपण? बाटली. दुखण्याचं कारण संसारात असलं तरी इलाज बाईच्या पोटातच करायचा.

पिंकम १७ मे १८८३ रोजी वारली. जाहिराती थांबल्या नाहीत. 'मिसेस पिंकमना लिहा' हे आवाहन चालूच राहिलं. १९०५ साली 'लेडीज होम जर्नल' या मासिकानं तिच्या थडग्याचा फोटो छापला, तेव्हा लोकांना कळलं की ज्या बाईशी आपण मनातलं बोलतो, ती जाऊन बावीस वर्षं झाली.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. पिंकम वारली त्याच्या अठराच दिवसांनी, ४ जून १८८३ रोजी, एक अठरा वर्षांची मराठी मुलगी बोटीतून न्यूयॉर्कला उतरली. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. कलकत्त्याला असताना ती सतत आजारी असे. डोकं दुखे, ताप येई, धाप लागे. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी मायेपोटी तिला तिथून औषधं पाठवली, त्यांचा गुण आला नाही. निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, तिनं श्रीरामपूरच्या सभेत सांगितलं, की हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. बाई पुरुष डॉक्टरपुढे बोलत नाही, हे त्यामागचं मोठं कारण. मैत्रिणींनो, वाक्य तेच आहे, 'बाईचं दुखणं बाईलाच कळतं'. पिंकमच्या कंपनीनं त्यातून डॉलरची बाटली काढली. आनंदीबाईनं त्याच वाक्यावरून ठरवलं, की मग बाईनं डॉक्टर व्हायला हवं. १८८६ साली ती फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी पुण्यात क्षयानं गेली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. तिच्या मागून रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरतेला दवाखाना चालवला. हा दुसरा रस्ता लांबचा होता, पण बाईला बोलतं करणारा होता.

हा सगळा माल वसाहतींतही ओतला जात होता. 'क्लोरोडाइन' हे तर इथल्याच रोगावरचं औषध. हिंदुस्थानात असलेल्या कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरनं पटकीसाठी केलेलं मिश्रण, अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजा. १८५६ पासून ते लंडनमध्ये तयार होऊन जगभर विकलं जाऊ लागलं आणि साहेबाच्या औषधपेटीतली नेहमीची बाटली झालं. 'डॉक्टर विल्यम्स यांच्या गुलाबी गोळ्या' फिकट पडलेल्या मुलींसाठी म्हणून इथल्या वर्तमानपत्रांतही झळकत. त्यांत लोह होतं, म्हणजे रक्तक्षयावर थोडाफार उपयोगही होत असेल. पण तेच लोह कुठल्याही औषधवाल्याकडे कवडीमोलानं मिळत होतं. आज सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात आणि आपल्या बाया टॉनिकच्या बाटलीला पैसे मोजतात, तेव्हा मला त्या गुलाबी गोळ्या आठवतात. विलायती जाहिरातींचा साचा पाहून देशी औषधवाल्यांनीही तोच उचलला. बऱ्या झालेल्यांची पत्रं, वैद्यराजांचा फोटो, 'गुप्त' हा शब्द आणि व्ही. पी. नं माल.

मग वर्तमानपत्रं काय करत होती? पैसे घेत होती. या जाहिरातींवर कित्येक पत्रं जगत होती. अमेरिकेत 'कोलियर्स' साप्ताहिकानं १९०५ साली औषधवाल्यांचे करार उघडकीला आणले. त्यांत एक कलम असे, की राज्यात पेटंट औषधांच्या विरोधात कायदा झाला तर जाहिरातीचा करार रद्द. म्हणजे कायद्याची चर्चा निघाली की संपादक आपणहून गप्प. १९०६ साली तिथे कायदा झाला आणि बाटलीत अफू, मॉर्फिन, मद्यार्क किती ते लेबलावर लिहावं लागलं. ब्रिटनमध्ये संसदेच्या समितीनं १९१२ पासून चौकशी केली आणि कडक अहवाल दिला. तो प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ज्या दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. अहवाल बासनात गेला. डबीवर घटक लिहिण्याची सक्ती झाली ती १९४१ साली.

डॉक्टरांच्या संघटनेनं 'सीक्रेट रेमेडीज' काढून मोठं काम केलं, यात शंका नाही. पण त्यांचा राग अर्धा गिऱ्हाइकं जातात म्हणून होता, हेही खरं. त्यांनी डबी उघडून दाखवली. बाई डबीकडे का गेली, हे विचारायची गरज मात्र फारशी कुणाला वाटली नाही. आणि १९४१ च्या कायद्यानं घटक छापायला लावले, त्याच कायद्यानं गर्भपाताच्या औषधांची जाहिरातही बंद केली. गर्भपात मात्र गुन्हाच राहिला, थेट १९६७ पर्यंत. जाहिरात गेली, गरज राहिली. मग बाया गल्लीतल्या सुईकडे आणि साबणाच्या पाण्याकडे गेल्या.

मला आज जे सांगायचंय ते इथे आहे. या धंद्यात दोन गुपितं होती. एक डबीतलं, एक बाईच्या पोटातलं. दुसऱ्या गुपितावर पहिलं जगत होतं. सुधारकांनी पहिलं फोडलं आणि दुसरं तसंच ठेवलं, म्हणून धंदा मेला नाही, त्यानं फक्त रूप बदललं.

आपल्या देशातही हेच झालं. १९५४ साली आपल्याकडे औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. तो आजही आहे. पाळी 'दुरुस्त' करण्याची आणि गर्भ पाडण्याची जाहिरात त्यानं बंद केली, आणि त्याच दमात बायकांच्या गर्भनिरोधाच्या औषधांचीही. फसवणुकीला आळा बसावा म्हणून कायदा हवाच. पण तोंड बंद करणारा कायदा आणि डबी उघडायला लावणारा कायदा यांत फरक आहे. तो फरक स्त्री-चळवळीनं करून दाखवला. जास्त मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या इथे गर्भ आहे की नाही हे पाहण्यासाठी म्हणून दिल्या जात आणि बाया 'पाळी यायची गोळी' म्हणून त्या घेत. गर्भाला त्यांपासून धोका असल्याची शंका पुढे आली होती. १९८२ साली सरकारनं बंदीचा हुकूम काढला, कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली. स्त्री-संघटना, आरोग्य-गट, ग्राहक-गट यांनी लेबलं वाचली, शास्त्रीय निबंध वाचले, १९८७ च्या जाहीर सुनावण्यांत साक्षी दिल्या आणि १९८८ साली त्या गोळ्यांवर बंदी आली. त्या लढ्यात बायकांनी डबीही उघडली आणि तोंडही.

आज जाहिरात मागच्या पानावरून मोबाईलवर आली आहे. 'गुप्तता पाळली जाईल' हे शब्द तेच. नंबर द्या, फोटो पाठवा, पैसे भरा. तो नंबर कुणाच्या वहीत जातो? क्राइम्स बंधूंच्या वहीत हजारो पत्ते होते, हे विसरू नका.

तेव्हा मागे रेंगाळणाऱ्या त्या बाईला आपण काय सांगायचं? निदान एवढं तरी प्रत्येकीला पाठ हवं. १९७१ पासून आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत कायद्यात दिलेल्या कारणांसाठी एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं तो करता येतो. काही परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंत. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. साधन निकामी झाल्याचं कारण लग्न न झालेलीलाही सांगता येतं. तिचं नाव गुप्त ठेवणं ही कायद्यानं डॉक्टरवर टाकलेली जबाबदारी आहे. गर्भपाताच्या गोळ्या खऱ्या आहेत, पण किती आठवडे झालेत आणि गर्भ पिशवीतच आहे ना, हे डॉक्टरनं पाहिल्याशिवाय दुकानातून आणून घ्यायच्या नाहीत.

आणि ही माहिती तिनं मागे थांबून विचारण्याची वाट पाहायची नाही. बैठक भरलेली असतानाच, सगळ्या बसलेल्या असतानाच, आपण तो विषय आपल्या तोंडानं काढायचा. पाळी चुकली तर काय करायचं, हे मोठ्यानं बोलायचं. पहिल्या वेळी बाया पदर तोंडाला लावतील, हसतील, एक-दोघी उठून जातील. दुसऱ्या वेळी प्रश्न येतील. माझा अनुभव असा, की तिसऱ्या वेळी एखादी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढते आणि सगळ्यांसमोर विचारते, "यात काय आहे, वाचून सांगा बरं." तिथपर्यंत पोचलो, की आपण ते पाकीट हातात घ्यायचं आणि तिच्याबरोबर बसून वाचायचं.